ड्रॉप्ड कर्ब रुंद करायचा आहे? आधी फूटपाथवर जाऊन टेप लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वॉटफर्डला १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय. समोर एका गाडीपुरता ड्रॉप्ड कर्ब, म्हणजे गाडी आत-बाहेर नेता यावी म्हणून खाली घेतलेली फूटपाथची कड, आधीपासून आहे. आता घरात दुसरी गाडी आली आहे, म्हणून पुढची बाग काढून दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतील असा ड्राइव्हवे करायचा आहे. ड्राइव्हवेवाला म्हणतो, ‘कर्ब तर आहेच, दोन दगड खाली घ्यायला परवानगी कशाला? शनिवारी उरकून टाकतो.’ त्याचं ऐकावं का? ऐकायचं नसेल तर अर्ज कुठे करायचा, किती रुंदी मिळते, खर्च किती येतो?

त्याचं अजिबात ऐकू नका. इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या हायवे विभागात असे अर्ज तपासण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, आणि ‘शनिवारी उरकलेले’ कर्ब पुढे घरमालकाला किती छळतात हे मी जवळून पाहिलं आहे. घराच्या हद्दीबाहेरचा फूटपाथ, गवताची पट्टी आणि कर्ब हा सार्वजनिक रस्त्याचाच भाग. ड्रॉप्ड कर्बचे पैसे आपण भरतो, पण तो आपल्या मालकीचा होत नाही. गाडी आत-बाहेर नेण्याची सोय तेवढी आपल्याला मिळते. हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम १८४ खाली ही सोय द्यायची की नाही, कशी द्यायची आणि काम कोणी करायचं हे हायवे ऑथॉरिटी, म्हणजे तो रस्ता सांभाळणारी संस्था, ठरवते. कर्ब रुंद करणं हे या कलमाखाली नव्या कर्बइतकंच परवानगीचं काम आहे. आधीच्या परवानगीने जेवढी रुंदी मिळाली, तेवढ्यावरच तुमचा हक्क. पुढचा एक दगडसुद्धा त्यात धरलेला नाही.

विनापरवाना काम केलं तर कौन्सिल फूटपाथ पूर्ववत करून बिल तुम्हाला पाठवू शकते. फूटपाथखाली गॅसची, पाण्याची, विजेची जोडणी असते. ती तुटली किंवा ओबडधोबड कामाला अडखळून कोणी पडलं, तर शनिवारचा कंत्राटदार फोन उचलेलच असं नाही. शिवाय घर विकताना खरेदीदाराचे सॉलिसिटर क्रॉसओव्हरचं, म्हणजे फूटपाथ ओलांडून गाडी नेण्याच्या या वाटेचं, मंजुरीपत्र मागतात. पाच वर्षांनी ते कुठून आणणार?

आता अर्ज कुठे, ते. वॉटफर्डमध्ये सध्या दोन कौन्सिलं आहेत. रस्ता आणि फूटपाथ हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलकडे, तर प्लॅनिंग, म्हणजे बांधकामाची परवानगी, वॉटफर्ड बरो कौन्सिलकडे. क्रॉसओव्हरचा अर्ज काउंटीकडे करायचा. प्लॅनिंग परवानगी लागलीच तर ती बरोकडून. एकाची मंजुरी दुसऱ्याला लागू होत नाही, आणि एवढं न कळल्यामुळे लोक महिनोन्‌महिने चुकीच्या दारात उभे राहतात. हॅरो, हाउन्स्लो, स्लाव, मिल्टन कीन्स इथे दोन्ही कामं एकाच कौन्सिलकडे असतात, अर्ज मात्र तिथेही वेगवेगळेच. लंडनमधल्या लाल रेषांच्या रस्त्यांसाठी ट्रान्सपोर्ट फॉर लंडन. नव्या वसाहतीत राहत असाल तर आधी रस्ता कौन्सिलने ताब्यात घेतला आहे का ते विचारा. घेतला नसेल तर विकासकाशी किंवा मॅनेजमेंट कंपनीशी बोलावं लागतं, आणि घराच्या कागदपत्रांत ‘पुढची बाग उघडीच ठेवावी’ अशी अट नाही ना, तेही पाहावं लागतं.

प्लॅनिंग परवानगी प्रत्येक वेळी लागत नाही. घरासमोरचा रस्ता ए, बी किंवा सी वर्गातला असेल तर लागते. वर्गीकरण नसलेल्या गल्लीत, एका कुटुंबाच्या घरासाठी, सहसा लागत नाही. फ्लॅट असेल तर लागते. ए आणि बी रस्ते नकाशावर दिसतात, सी मात्र पाटीवर लिहिलेला नसतो, म्हणून काउंटीला ईमेल करून रस्त्याचा वर्ग लेखी मागून घ्या.

अर्ज भरण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम टेपचं. बाहेर जाऊन कर्बचे दगड मोजा. इंग्लंडमधला नेहमीचा काँक्रीट कर्ब ९१५ मिलिमीटर लांब असतो, म्हणजे जुने तीन फूट. ड्रॉप्ड कर्बमध्ये मधले दगड बसके असतात. रस्त्यापासून साधारण २५ मिलिमीटर वर. दोन्ही टोकांना एकेक तिरका दगड असतो, त्याला ड्रॉपर म्हणतात. तो बसक्या उंचीपासून पूर्ण उंचीपर्यंत, म्हणजे बहुतेक ठिकाणी १०० ते १२५ मिलिमीटरपर्यंत चढतो. तुमच्याकडे बहुधा तीन बसके आणि दोन ड्रॉपर असतील: बसकी रुंदी २.७५ मीटर, सगळे धरून सुमारे ४.६ मीटर. चार बसके घेतले तर बसकी रुंदी ३.६६ आणि एकूण साडेपाच मीटरच्या आसपास. कर्ब अशा दगडांनीच वाढतो, त्यामुळे ‘अजून सव्वा मीटर हवाय’ असं लिहून उपयोग नाही. एक दगड हवा की दोन, हे ठरवून लिहा.

मोजताना वाकून ड्रॉपरच्या बाहेरचा दगड नीट बघा. टायरचा काळा घासलेला पट्टा तिथे दिसतोय का? त्यामागच्या फरशीचा कोपरा तुटून खाली बसलाय का, त्या खळग्यात पाणी साचतंय का? दिसत असेल तर मागचं चाक रोज कोपरा कापून पूर्ण उंचीच्या कर्बवर चढतंय. कौन्सिलचा इन्स्पेक्टर पाहणीला आल्यावर त्याची नजर आधी तिथेच जाते. असा कोपरा तुमच्या मागणीला आधार देतो, कारण रुंदी खरोखर कमी पडते आहे हे त्यावरून दिसतं. पण तोच कोपरा तुमच्याविरुद्धही जाऊ शकतो: कर्ब खाली नसलेल्या जागेवरून नेहमी गाडी नेणाऱ्याला नोटीस देण्याचा अधिकार कलम १८४ मध्येच आहे. म्हणून फोटो काढून अर्जाला जोडा, आणि निकाल लागेपर्यंत तिथून गाडी चढवणं बंद करा.

बहुतेकांचा घोटाळा पुढच्या गोष्टीत होतो. दोन गाड्या उभ्या करायला जेवढी रुंदी लागते, तेवढीच रुंदी फूटपाथ ओलांडायला लागत नाही. पार्किंगची एक जागा २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब धरतात. दोन शेजारी म्हणजे ४.८ मीटर, आणि दारं उघडायला बाजूला थोडी मोकळीक. म्हणून लोक कर्बही पाच-साडेपाच मीटर बसका मागतात आणि नकार घेऊन येतात. दोन्ही गाड्या एकाच वेळी आत शिरत नाहीत. चार बसक्या दगडांवरून एकेक गाडी आत येते आणि थोडी वळून आपल्या जागी लागते. अडथळा बहुतेक वेळा कर्बचा नसतो, तो समोरच्या भिंतीचा आणि फाटकाच्या खांबाचा असतो. भिंत मागे घेतली, एक खांब काढला, की तीन दगडांतही काम भागलेलं मी अनेक घरांपुढे पाहिलं आहे. रविवारी सकाळी ड्राइव्हवेच्या जागेवर खडूने दोन चौकोन आखा आणि समोरची भिंत नाही असं समजून गाडी कशी येईल ते रस्त्यावर उभं राहून बघा. चौथा दगड लागतोच असं दिसलं तर चौथा मागा. पाचवा-सहावा मागण्याआधी मात्र कौन्सिलच्या नियमावलीत कमाल रुंदी किती आहे ते वाचा. प्रत्येक कौन्सिलची वेगळी असते.

कौन्सिल एवढी हात आखडून का देते, हे समजून घेतलंत तर अर्ज चांगला लिहिता येईल. कर्ब खाली गेला की फूटपाथही रस्त्याकडे झुकतो. फूटपाथ अरुंद असेल तर पूर्ण रुंदीच खाली घ्यावी लागते. व्हीलचेअरवरच्या माणसाला तो उतार सतत रस्त्याकडे ओढतो. सरकारी मार्गदर्शनानुसार फूटपाथचा आडवा उतार शक्यतो ५० ला १ असावा, जास्तीत जास्त ४० ला १. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला फूटपाथ कुठे संपतो हे कर्बच्या उंचीवरून कळतं; सलग सात-आठ मीटर कर्ब बसका असला तर ती खूण नाहीशी होते. शेजारच्या घराचाही कर्ब बसका असेल तर दोघांच्या मध्ये उंच कर्बचा तुकडा शिल्लक राहावा असा कौन्सिलचा आग्रह असतो, तो याचसाठी. हा आग्रह मला मनापासून पटतो. आपली दुसरी गाडी आत यावी म्हणून शाळेला जाणारं पोर किंवा वॉकर घेऊन निघालेल्या आजी रस्त्याच्या उतारावर ढकलल्या जाऊ नयेत. शिवाय दारासमोर रस्त्यावर एका गाडीला साधारण सहा मीटर जागा लागते. कर्ब रुंद झाला की ती जागा सगळ्या गल्लीची जाते आणि मिळते फक्त एका घराला. रेसिडेंट पार्किंगची चौकट आखलेली असेल तर ती कापायला ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डर, म्हणजे त्या रस्त्यावरच्या पार्किंगचा कायदेशीर आदेश, बदलावी लागते. त्यासाठी २१ दिवस हरकती मागवतात, त्यामुळे सगळी प्रक्रिया महिन्यांवर जाते आणि खर्चही वेगळा.

आता कोणत्या बाजूला वाढवायचं. ही निवड पुष्कळदा तुमच्या हातात असते, पण लोक तिचा विचारच करत नाहीत. दोन्ही बाजूंचं फूटपाथवरचं सामान लिहून काढा: दिव्याचा खांब, टेलिफोनचा खांब, झाड, पावसाच्या पाण्याची जाळी, आणि लहान-मोठी झाकणं. तळहाताएवढं झाकण असेल तर त्याखाली बहुधा पाण्याचा स्टॉप-टॅप, म्हणजे घराचं पाणी बंद करायची तोटी. वॉटफर्डमध्ये ते अफिनिटी वॉटर या पाणी कंपनीचं. मोठं चौकोनी झाकण बहुधा ओपनरीच या टेलिफोन-ब्रॉडबँडच्या तारांच्या कंपनीचं. पायी चालणाऱ्यांसाठी बसवलेलं झाकण गाडीखाली टिकत नाही. ते जड बनावटीचं घालावं लागतं, कधी आतली विटांची चौकटही नव्याने बांधावी लागते, आणि पैसे अर्जदाराचे. दिव्याचा खांब हलवायचा तर वीजजोडणीही हलते, आणि कधी कधी तो खर्च कर्बपेक्षा जास्त होतो. खांबापासून कुठे अर्धा, कुठे एक मीटर अंतर मागतात. जमिनीखालचं काय ते ‘लाइनसर्च बिफोर यू डिग’ या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं.

झाडाचं मात्र वेगळं. रस्त्यावरचं निरोगी झाड तुमच्या ड्राइव्हवेसाठी कौन्सिल काढणार नाही, आणि काढू नये. मुळांच्या संरक्षणाचं ब्रिटिश मानक सांगतं की छातीच्या उंचीला खोडाचा जेवढा व्यास, त्याच्या बारापट त्रिज्येत मुळं आहेत असं धरावं. खोड ३० सेंटिमीटरचं असेल तर ३.६ मीटर. त्या वर्तुळात कर्बखालचा काँक्रीटचा पाया खणायचा म्हणजे मुळांवर कुऱ्हाड. झाड ज्या बाजूला आहे ती बाजू सोडा. दुसऱ्या बाजूला जागा नसेल तर आहे तो कर्ब ठेवून भिंतीचा खांब हलवता येतो का ते पाहा.

कर्बचा नवा ड्रॉपर शेजाऱ्याच्या घरासमोर जात असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन बोला. काही कौन्सिलं त्यांचं लेखी संमतीपत्र मागतात. पत्र लागत नसलं तरी सकाळी उठून आपल्या दारासमोर खोदकाम दिसणं कोणालाच आवडत नाही.

हद्दीच्या आत काय करणार, तेही कौन्सिल पाहते. जागेची लांबी कमी असेल आणि गाडीचा मागचा भाग फूटपाथवर येणार असेल तर अर्ज तिथेच संपतो. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि झुडपं साधारण ६० सेंटिमीटरपेक्षा उंच नसावीत, म्हणजे मागे येताना फूटपाथवरचं मूल दिसतं. फाटक बाहेरच्या बाजूला उघडलेलं चालत नाही. आणि पाणी! पुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर कडक फरसबंदी करायची आणि पाणी जिरायची सोय नसेल, तर १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये प्लॅनिंग परवानगी लागते. पाणी जिरणारी फरशी घातली किंवा पाणी स्वतःच्या वाफ्यात सोडलं तर लागत नाही. रस्त्यावर पाणी सोडणं हायवेज ॲक्टच्या कलम १६३ खाली चालत नाही, त्यामुळे उतार रस्त्याकडे असेल तर हद्दीच्या आत आडवी जाळीची चॅनल घालावी लागते.

चॅनलचं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न कंत्राटदाराला नक्की विचारा. ‘सोकअवे (पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा) करू’ असं तो सहज म्हणेल. पण सोकअवे इमारतीपासून आणि रस्त्यापासून पाच मीटर दूर असावा असं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं मार्गदर्शन आहे, आणि सहा-सात मीटर लांबीच्या बागेत अशी जागाच सापडत नाही. म्हणून मी अशा घरांना पाणी जिरणारे ब्लॉकच सुचवतो. त्यातही फसवणूक होते ती खालच्या थरात. ब्लॉक पाणी जिरणारे विकत घेतात आणि खाली नेहमीची टाइप १ खडी, भुकटीसकट, रोलर मारून दाबतात, फटींत बारीक वाळू झाडतात. मग पाणी जाणार कुठून? खाली भुकटी नसलेली, मोकळ्या पोकळ्यांची खडी लागते, आणि फटींत दोन ते सहा मिलिमीटरची बारीक कच. कोटेशनमध्ये हे दोन थर नावानिशी लिहून घ्या. आणि तयार पृष्ठभाग घराच्या डॅम्प-प्रूफ कोर्सच्या (भिंतीतल्या ओल रोखणाऱ्या थराच्या) किमान १५० मिलिमीटर खाली हवा, नाहीतर पुढच्या खोलीची भिंत ओल धरते.

खर्चाचा आकडा मी छातीठोक सांगणार नाही, कारण तो जागेवर ठरतो. अर्जाची आणि पाहणीची फी आधी भरायची, नकार आला तर ती सहसा परत मिळत नाही. प्रत्यक्ष काम हजार-दोन हजार पौंडांपासून पुढे धरा, आणि झाकणं-खांब वेगळे. एकच दगड वाढवायचा म्हणून एक तृतीयांश पैसे लागतील असं समजू नका. त्या बाजूचा जुना ड्रॉपर उपटून पुढे बसवायचा, मधल्या जागी बसका दगड, मागचा फूटपाथ गाडीचं वजन पेलेल असा नव्या खडीच्या थरावर करायचा, रस्त्याची कड पुन्हा डांबराने भरायची. रस्त्यावर काम करण्याचं परमिट आणि बॅरिअर तेवढेच. म्हणूनच पुढे-मागे दोन दगड लागणार असतील आणि नियमात बसत असतील तर एकदाच करून घ्या.

काम कौन्सिलचा ठेकेदार करतो, किंवा काही ठिकाणी तुम्ही निवडलेला, पण कौन्सिलने मान्य केलेला. त्याच्या माणसांकडे रस्त्यावर खोदकाम करण्याचं स्ट्रीट वर्क्सचं कार्ड असावं लागतं, आणि पब्लिक लायबिलिटी विमा पन्नास लाख किंवा एक कोटी पौंडांचा मागतात. अर्ज, पाहणी, कोटेशन, परमिट, काम असं सगळं मिळून काही आठवडे ते काही महिने जातात. पाहणीला इन्स्पेक्टर येईल तेव्हा, जमल्यास, घरी थांबा. खडूचे चौकोन दाखवा, आपली मोजमापं दाखवा.

नकार आला तर ‘धोरणात बसत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणता नियम, कोणतं माप, किती कमी पडलं हे लेखी मागा. चार दगड नाकारले असतील तर तीन दगड आणि भिंत मागे, असा नवा आराखडा द्या. असे सुधारलेले अर्ज मंजूर होतात. कौन्सिलकडे स्वतःची फेरविचाराची पद्धत असते. प्लॅनिंग नाकारलं असेल तर १२ आठवड्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे अपील करता येतं. क्रॉसओव्हरचा नकार मात्र तिथे चालत नाही. कौन्सिलने प्रक्रियेतच चूक केली असेल तर आधी त्यांच्याकडे तक्रार करा, मग कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे.

काम झाल्यावर कोणी तुमच्यासमोर गाडी लावली तर ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्ट २००४ च्या कलम ८६ खाली कौन्सिल दंड करू शकते, पण घरासमोर सहसा तुम्ही तक्रार केल्यावरच, कारण घरमालकाच्या संमतीने लावलेल्या गाडीला या कलमात सूट आहे. एच आकाराची पांढरी रेघ हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते आणि तिचे पैसेही भरावे लागतात. ती फक्त सूचना देते. बळ कलम ८६ चंच.

आणि तुमच्या ड्राइव्हवेवाल्याला उद्या एवढंच सांगा: हद्दीच्या आतलं काम तुझं, पण क्रॉसओव्हरचं मंजुरीपत्र हातात आल्यावर, तोपर्यंत भिंतीची एक वीटही काढायची नाही. कर्बचा मोठा खर्च वाचवायला फळी किंवा रबरी उतार गटाराच्या कडेला ठेवू म्हणाला तर तेही नको. पावसाचं पाणी त्यामागे तुंबतं, सायकलवाला त्यावरून पडतो, आणि रस्त्यात अडथळा ठेवला म्हणून पत्र तुमच्या नावाने येतं.